साक्ष कोणाची मानायची?

गेल्या पावसाळ्यात तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी एक जुना अमेरिकन चित्रपट दाखवला. 'द विंडो' हे त्याचे नाव. १९४९ सालचा, टेड टेट्झलाफने दिग्दर्शित केलेला, काळापांढरा, लांबी सव्वा तासही नाही. कॉर्नेल वूलरिच या लेखकाच्या कथेवरून तो घेतला आहे. एक लहान पोरगा खून होताना पाहतो आणि त्याचे कोणी खरे मानत नाही, एवढीच गोष्ट. चित्रपटावरच्या पुस्तकांतून अशा कलाकृतींना मानसशास्त्रीय थरारपट म्हणतात. आमच्या वर्गातली निम्म्याहून अधिक मुले वस्त्यांतून आणि तांड्यांवरून आलेली. चित्रपट संपल्यावर मी मास्तरकीच्या सवयीने विचारले, या मुलावर कोणी विश्वास का ठेवला नाही? कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, ते तर ठीकच आहे. पण तो पोलिसांत गेलाच कसा?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. या लेखाचे मूळ त्या प्रश्नात आहे.

न्यूयॉर्कच्या गरीब भागातली एक चाळवजा इमारत. उन्हाळ्याची रात्र, खोलीत जीव गुदमरतो म्हणून टॉमी नावाचा हा मुलगा बाहेरच्या लोखंडी जिन्यावर उशी घेऊन झोपायला जातो. आग लागली तर उतरण्यासाठी असे जिने तिकडे इमारतीला बाहेरून लावलेले असतात. वारा मिळेल म्हणून तो आणखी एक मजला वर चढतो, आणि वरच्या खोलीतले केलरसन नवराबायको एका खलाशाचा खून करताना त्याला खिडकीतून दिसतात. तो आईला सांगतो. तिला वाटते पोराने स्वप्न पाहिले. बाप रात्रपाळीचा कामगार. त्याला वाटते पोरगे पुन्हा थापा मारू लागले. पोलीस एका माणसाला घरदुरुस्तीच्या निमित्ताने वर पाठवतात, त्याला काही सापडत नाही, विषय संपतो. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची इसापची गोष्ट चित्रपटाने आरंभीच डोक्यावर ठेवली आहे. म्हणजे दोष कोणाचा हे आधीच ठरून गेलेले. पोराला खोटे बोलण्याची सवय होती, म्हणून त्याचे खरे कोणी मानले नाही.

पण चित्रपटातली दृश्ये काही वेगळेच बोलतात. टॉमीची पहिली थाप कोणती? आम्ही पश्चिमेकडे मोठ्या कुरणावर राहायला जाणार, ही. ती घरमालकाच्या कानावर जाते आणि तो दुसऱ्या भाडेकरूंना घेऊन खोली दाखवायला दारात उभा राहतो. आईबापांचा चेहरा उतरतो. या एका प्रसंगात सगळे अर्थशास्त्र आले. गरिबाच्या पोराची कल्पनाशक्ती म्हणजे डोक्यावरचे छप्पर जाण्याचा धोका. बंगल्यातल्या मुलाने असेच काही रचले असते तर त्याला कल्पक म्हटले असते, कदाचित लेखक होईल असेही कौतुकाने म्हटले असते. टॉमीला खोटारडा म्हणतात. अविश्वास मुलाच्या स्वभावातून आला की भाड्याच्या खोलीतून, हा प्रश्न दिग्दर्शकाने विचारलेला नाही. पण त्याच्या कॅमेऱ्याने तो टिपला आहे, आणि म्हणूनच हा चित्रपट मला त्याच्या बोधकथेपेक्षा मोठा वाटतो.

सर्वांत क्रूर प्रसंग खुनाचा नाही. पोलिसांत जाऊन आपली लाज घालवली म्हणून आई टॉमीला हाताला धरून वर नेते आणि केलरसनबाईची माफी मागायला लावते. पोरगा तोंड उघडत नाही. पण खुन्यांना त्या क्षणी कळते की आपल्याला पाहणारा कोणी आहे. ज्या आईने लपवायचे तिनेच साक्षीदार खुन्याच्या दारात नेऊन उभा केला.

हे दृश्य मी दोनदा मागे नेऊन पाहिले, कारण त्यात मी होतो. मी चौथीत असताना आमच्या गावच्या एका मालकाने आपल्या सालगड्याला आखाड्यावर काठीने मारताना मी पाहिले. त्याचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी गावात बोलले गेले की बैलाने पाडले. मी शाळेत गुरुजींना सांगितले, बैलाने नाही, मालकाने मारले. गुरुजी म्हणाले, "तुम्हा लोकांना भारीच दिसतं रे!" संध्याकाळपर्यंत ते वाड्यावर पोचले होते. दिवेलागणीला माय मला घेऊन वाड्यापुढे गेली. पायरीच्या खाली उभे राहून मी म्हणालो की मी खोटे बोललो. परत येताना ओढ्याजवळ ती थांबली आणि म्हणाली, "तू पाह्यलंस ते खरंच हाय, लेकरा. पर आपण पाह्यलं म्हणून सांगायचं नसतंय."

टॉमीची आई त्याला वर नेते, कारण तिचा त्याच्यावर विश्वास नाही. माझी माय मला वाड्यावर घेऊन गेली, कारण तिचा माझ्यावर विश्वास होता. मुलाच्या वाट्याला मात्र दोन्हीकडे तेच आले. या फरकाकडे डोळेझाक करून 'आईबाप आणि मूल यांच्यातील संवादाचा अभाव' असली वाक्ये लिहिणारी समीक्षा मला पोकळ वाटते. आमच्यात संवादाचा अभाव नव्हता. ओढ्याजवळ जो झाला तो पुरता संवाद होता.

साक्षीदारावर कोणी विश्वास ठेवत नाही, या सूत्रावर अमेरिकेत त्या काळात आणखीही चित्रपट निघाले. १९५४ साली दोन आले. हिचकॉकचा 'रिअर विंडो' सर्वांना ठाऊक आहे; तोही वूलरिचच्याच कथेवरचा. दुसरा रॉय रोलंडचा 'विटनेस टू मर्डर', त्यात बार्बरा स्टॅनविक आहे. हे तिन्ही चित्रपट एकापुढे एक ठेवून पाहावेत. 'रिअर विंडो'तला साक्षीदार नावाजलेला छायाचित्रकार, गोरा पुरुष. त्याचा पोलीस मित्र शंका घेतो, चेष्टा करतो, पण त्याच्या घरी येतो, त्याचे ऐकतो आणि चौकशीही करतो. 'विटनेस टू मर्डर'मधली साक्षीदार एकटी राहणारी, स्वतः कमावणारी बाई. समोरच्या घरातला खुनी हा विद्वान म्हणून मान्यता असलेला, पूर्वाश्रमीचा नाझी. तो तिच्याच टंकलेखन यंत्रावर पत्रे तयार करून तिला वेडी ठरवतो आणि तिची रवानगी मनोरुग्णांच्या इस्पितळात होते. तिसरा हा टॉमी, गरिबाचे पोर. त्याला माफी मागावी लागते आणि बाप त्याच्या खोलीची खिडकी खिळे ठोकून बंद करतो. पुरुषाची चेष्टा, बाईला वेडाचा शिक्का, पोराला कोंडवाडा. बाबासाहेबांनी ज्या विषमतेला श्रेणीबद्ध म्हटले तिचे भान असलेल्या वाचकाला ही उतरंड समजावून सांगण्याची गरज नाही.

या उतरंडीची आणखी एक पायरी खाली आहे, आणि ती या चित्रपटांत नीट दिसत नाही. 'विटनेस टू मर्डर'च्या इस्पितळात एक काळी स्त्री रुग्ण आहे. हवानिता मूर या गुणी अभिनेत्रीने ती भूमिका केली. त्या पात्राला नावही नाही. तिने काय पाहिले होते, ती तिथे कशी आली, हे पटकथेला विचारावेसे वाटत नाही.

तिची हकीकत पडद्यावर नसली तरी तिच्या लोकांची न्यायालयांच्या कागदांत आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात काळ्यांनी आणि मूळ रहिवाशांनी गोऱ्या माणसाविरुद्ध साक्ष देऊ नये असा कायदाच होता. १८५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर जॉर्ज हॉल या गोऱ्याचा खटला आला. एका चिनी खाणकामगाराच्या खुनाबद्दल चिनी साक्षीदारांच्या जबानीवर तो दोषी ठरला होता. न्यायालयाने ही बंदी चिन्यांनाही लागू होते असा अर्थ लावून शिक्षा रद्द केली. पुढे १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला. तोवर काळ्यांना साक्षीची कायद्याने बंदी नव्हती. मुलाचे आजोबा लागणारे मोझ राइट भर न्यायालयात उभे राहिले आणि त्यांनी गोऱ्या आरोपीकडे बोट दाखवले. विली रीड या अठरा वर्षांच्या पोराने कोठारातून आलेला मारहाणीचा आवाज ऐकला होता. त्यानेही साक्ष दिली. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने तासाभरातच आरोपींना निर्दोष ठरवले. दोन्ही साक्षीदारांना जीव वाचवण्यासाठी शिकागो गाठावे लागले. दुसऱ्या वर्षी जानेवारीत त्याच आरोपींनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची कबुली दिली. म्हणजे साक्ष खरी होती हे ज्युरीला कळले नाही असे नव्हे. खरे असूनही तिला किंमत द्यायची नव्हती.

आपल्याकडे हे काम फार आधी ग्रंथबद्ध झाले आहे. मनुस्मृतीचा आठवा अध्याय साक्षीदारांची पात्रता सांगतो. द्विजांचे साक्षीदार त्यांच्या तोलाचे द्विज, शूद्रांचे शूद्र, अंत्यजांचे अंत्यज, स्त्रियांच्या स्त्रिया. साक्ष कशाची यापेक्षा ती कोणाची हे त्यात महत्त्वाचे. हा अध्याय आज कायद्यात नाही हे खरे. पण खैरलांजीत काय झाले? सुरेखा भोतमांगे यांनी एका मारहाणीच्या प्रकरणात हल्लेखोरांची ओळख पटवली होती. आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, सुरेखा आणि त्यांच्या तिन्ही मुलांना ठार मारण्यात आले. तिथे साक्षीदारावर अविश्वास नव्हता. तिचे म्हणणे टिकेल या भीतीतून ते घडले. आणि २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा सिद्ध मानला नाही. खून मानला, जात मानली नाही. अर्धी साक्ष घेतली, अर्धी परत पाठवली.

आता पुन्हा 'द विंडो'कडे. या चित्रपटाचा थरार कशातून येतो? खून टॉमीबरोबर आपणही पाहिलेला असतो. म्हणून प्रत्येक अविश्वासाच्या वेळी आपण खुर्चीत चुळबुळतो आणि मनात म्हणतो, अरे, खरे बोलतोय तो! मी असतो तर ऐकले असते. इथे प्रेक्षकाची फसगत आहे, आणि ती त्याला सुखाची वाटते. आपण पोरावर विश्वास ठेवलेलाच नसतो, कॅमेऱ्यावर ठेवलेला असतो. ते खिडकीतले दृश्य कापून टाका आणि मग चित्रपट पाहा. किती प्रेक्षक टॉमीच्या बाजूने उरतील? मला वाटते, बहुतेक जण आईच्या मागोमाग जिना चढून माफीनाम्याला हजर राहतील.

मराठी वाचकाचेही असेच झाले. दलित आत्मकथने आली तेव्हा खिडकीतले दृश्य त्याने पाहिलेले नव्हते. त्याच्यापुढे फक्त टॉमी होता. मग हे अतिरंजित नाही का, इतके कसे असेल, यात कलात्मक अंतर कुठे आहे, असे प्रश्न सुरू झाले. प्रस्थापित समीक्षकांच्या या प्रश्नांत आणि केलरसनच्या खोलीत घरदुरुस्तीच्या निमित्ताने डोकावून आलेल्या त्या पोलिसात मला फार फरक दिसत नाही. तोही सभ्य माणूस होता. त्यानेही खोली पाहिली होती.

पण हे बोट एकाच दिशेला दाखवून भागणार नाही. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' नवऱ्यापासून लपवून लिहिले आणि कित्येक वर्षे लपवून ठेवले. ज्या घरात बाबासाहेबांचे नाव रोज घेतले जात होते त्या घरात. आपल्या बायकांनी आपल्याच पुरुषांच्या मारहाणीबद्दल लिहिले तेव्हा आपल्या सभांतून, चळवळीच्या बैठकांतून काय बोलले गेले? हे बाहेर कशाला काढता, शत्रूच्या हाती कोलीत कशाला देता. ओढ्याजवळ माझी माय जे बोलली तेच हे वाक्य, फक्त ते आता पायरीच्या वर उभे राहून बोलले जात होते. वर्गातल्या ज्या मुलीने मला तो प्रश्न विचारला, ती पोलिसांबद्दलच विचारत होती असे मी त्या दिवशी धरून चाललो. नंतर मला तशी खात्री राहिली नाही.

चित्रपटाचा शेवट ठरीव आहे. मोडकळीला आलेल्या शेजारच्या इमारतीत पाठलाग होतो, तिथे टॉमीला खलाशाचे प्रेत सापडते, खुनी पडून मरतो आणि पोरगा अग्निशामक दलाच्या जाळीत उडी घेतो. आता सगळे त्याचे खरे मानतात. यापुढे गोष्टी रचायच्या नाहीत हा धडा मात्र टॉमीलाच घ्यावा लागतो. यापुढे आम्ही ऐकून घेऊ, असे वचन त्याच्या आईबापांकडून किंवा पोलिसांकडून पटकथा मागत नाही.

टॉमीचे काम करणारा बॉबी ड्रिस्कॉल तेव्हा बारा वर्षांचाही नव्हता. त्या वर्षीच्या कामाबद्दल त्याला बालकलाकाराचे खास ऑस्कर मिळाले. वय वाढल्यावर काम मिळेना, मग व्यसन, मग तुरुंग. १९६८ साली न्यूयॉर्कमधल्या एका ओसाड इमारतीत तो मेलेला सापडला. वय एकतीस. तिथे खेळायला गेलेल्या दोन मुलांनी प्रेत पाहिले. पोलिसांना ओळख पटली नाही, तेव्हा हार्ट आयलंडवरच्या बेवारशांच्या दफनभूमीत त्याला पुरले. पुढच्या वर्षी बोटांच्या ठशांवरून तो कोण हे कळले. त्या दोन मुलांनी घरी जाऊन काय सांगितले असेल, आणि त्यांच्या घरच्यांनी त्यांना काय म्हटले असेल, एवढेच मी त्या रात्री वर्गाच्या हजेरीपटावर सह्या करताना विचार करीत होतो.