थांबवण्याचे वक्तृत्व : महाड, डिसेंबर १९२७

वक्तृत्वाची मराठी समीक्षा बहुतांशी वक्त्याच्या गुणांची नोंद करण्यात संपते. आवाज, शब्दकळा, विनोद, उपरोध, व्यासपीठावरील वावर यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु भाषणापूर्वी श्रोता कोणत्या निर्णयावर होता आणि भाषणानंतर तो कोठे आला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आचार्य अत्रे यांच्या भाषणांविषयीचे लेखन पाहावे : किस्से विपुल, युक्तिवादाचे विश्लेषण तुरळक. वस्तुतः साधने हाताशी आहेत. वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्याची भावना आणि युक्तिवाद ही मन वळवण्याची तीन साधने ॲरिस्टॉटलने सांगितली. न्यायदर्शनाने सत्यशोधनासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि केवळ खंडनासाठी वितंडा असा भेद केला. तरीही आपण 'ओघवते', 'घणाघाती' अशा विशेषणांवर भागवतो. 'घणाघाती' हे स्तुतीचे विशेषण समजले जाते, हेही पुरेसे बोलके आहे.

भिवंडीत अध्यापन करणाऱ्याला हा प्रश्न केवळ शास्त्रीय वाटत नाही. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल उसळली; १९८४ मध्ये शहर पुन्हा होरपळले. १९७० च्या भिवंडी, जळगाव आणि महाड येथील दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली, तेव्हा मिरवणुकांतील घोषणांचाही विचार आयोगाला करावा लागला. जमाव पेटवणारी भाषा सर्वांच्या परिचयाची आहे. सज्ज झालेल्या जमावाला त्याचा मान राखून थांबवणाऱ्या भाषेला मात्र आपल्याकडे धड नावही नाही. तिचे मराठीतील सर्वांत लक्षणीय उदाहरण याच महाडमध्ये, त्या दंगलीपूर्वी त्रेचाळीस वर्षे घडले होते.

१९२३ चा बोले ठराव आणि १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव यांमुळे चवदार तळे कागदोपत्री सर्वांना खुले झाले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी तेथे पाणी प्याले आणि त्यांच्यावर हल्ले झाले. डिसेंबरात सत्याग्रह ठरला. तथापि विरोधकांनी दिवाणी दावा लावून १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. सवर्णांनी जागा नाकारल्यामुळे परिषदेचा मंडप फत्तेखान या मुसलमान गृहस्थांच्या जागेत उभारावा लागला होता. दहा हजारांच्या आसपास लोक जमले आणि सुमारे चार हजारांनी सत्याग्रहासाठी नावे नोंदवली. २६ तारखेला कलेक्टरने स्वतः परिषदेत येऊन समजावले; लोकांचे समाधान झाले नाही. २७ तारखेला बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याची भूमिका मांडली आणि परिषदेने ती स्वीकारली. अधिकाऱ्याला जे साधले नाही, ते नेत्याला साधले. याचे उत्तर 'प्रभावी व्यक्तिमत्त्व' एवढ्यात देऊन चालणार नाही.

माझ्या मते या यशाची बीजे २५ डिसेंबरच्या अध्यक्षीय भाषणात आहेत. त्या भाषणातील १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केलेली तुलना सर्वज्ञात आहे. अभ्यासक बहुधा तिच्याकडे भव्यतेचा अलंकार किंवा विद्वत्तेची खूण म्हणून पाहतात. तिचे कार्य याहून निराळे आहे. तळ्याच्या पाण्यावाचून आजवर आपले अडलेले नाही, हे वक्ता प्रारंभीच मान्य करून टाकतो. पाणी हे साध्य नसून माणूस म्हणून समतेचा अधिकार प्रस्थापित करणे हे साध्य आहे, असे तो सांगतो आणि मग महाडचा मंडप व्हर्सायच्या सभेशेजारी नेऊन ठेवतो. साध्य एवढे विस्तारले की साधनाला सवड मिळते. लढा केवळ पाण्याचा असता, तर पाणी न पिता परतणे ही उघड हार ठरली असती. लढा समाजाच्या पुनर्रचनेचा आहे, हे श्रोत्यांनी एकदा स्वीकारल्यावर तहकुबी हा त्याच लढ्यातील एक टप्पा होऊ शकतो. हे पूर्वनियोजित होते असा माझा दावा नाही. संहितेची घडण मात्र ही वाट मोकळी ठेवते.

२७ तारखेचा युक्तिवाद याच पायावर उभा आहे. सनातनी विरोधक आणि सरकार यांना एकत्र लेखू नये, दोघांशी एकाच वेळी झुंज ओढवून घेऊ नये, हा त्याचा गाभा. त्यात श्रोत्यांच्या धैर्यावर शंका नाही. नाव नोंदवलेल्या माणसाला 'घाबरू नकोस' किंवा 'शांत हो' म्हणणे हा त्याचा अवमान असतो, हे आपल्या अनेक शांतता-प्रवचनकारांना आजही उमगलेले नाही. शिवाय सांगणारा वक्ता स्वतः त्या दाव्यातील प्रतिवादी होता आणि मार्चमध्ये तळ्यावर अग्रभागी गेला होता. ॲरिस्टॉटलच्या परिभाषेतील चारित्र्य ते हेच. ठरावानंतर तळ्याभोवती मिरवणूक निघाली. पाऊल मागे घेतलेल्या समुदायाला चालायला वाट हवी असते.

येथे एक आक्षेप संभवतो. तहकुबी ही माघारच होती आणि तिचे गुणगान हे संयमाचा उपदेश दलितांनाच करण्यासारखे आहे. आक्षेप वजनदार आहे. थांबवणारे वक्तृत्व सत्ताधाऱ्याच्या तोंडी आले की ते दडपशाहीचे साधन होते. म्हणूनच २६ तारखेचे कलेक्टरचे निवेदन आणि २७ तारखेचे भाषण यांना एका तराजूत तोलता येत नाही. शिवाय २५ तारखेच्या रात्री याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले होते. दाव्याचा अंतिम निकाल १९३७ मध्ये उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पण निकालामुळे भाषण योग्य ठरते असे मी म्हणणार नाही.

त्याच मुक्कामात बाबासाहेब स्त्रियांशी लुगडे, दागिने, मुलींचे शिक्षण अशा घरगुती विषयांवर बोलले. व्हर्सायचा उल्लेख करणारा वक्ता तो हाच. स्त्रियांनी नेसण्याची पद्धत लगेच बदलल्याची नोंद चरित्रकारांनी केली आहे. मन वळल्याचा याहून रोकडा पुरावा क्वचित सापडतो, तरी वक्तृत्वाच्या विवेचनात या भाषणाला फारसे स्थान नाही.

अशा, व्यासपीठाविना होणाऱ्या बोलण्याचा मोठा साठा भिवंडीत आहे. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या कारकिर्दीत, १९८८ नंतर, येथे मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. दोन्ही समाजांतील सामान्य माणसे नियमित एकत्र बसू लागली आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी याविषयी पुस्तकही लिहिले. प्रशासन आणि समाजशास्त्र या अंगांनी या प्रयोगाकडे पाहिले गेले आहे. त्या बैठकांत अफवेला उत्तर कसे दिले जाई, कोणते संबोधन वापरले जाई, मराठी आणि उर्दू यांची सरमिसळ कोठे उपयोगी पडे, हा भाषेच्या विभागांचा विषय आहे. समित्यांतील अनेक सदस्य आता वृद्ध झाले आहेत. मराठी आणि उर्दू विभागांनी मिळून त्यांच्या मुलाखतींचा संयुक्त प्रकल्प येत्या वर्षीच हाती घ्यावा.