‘परिपूर्ती’ची दुसरी बाजू

इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ हा लेख आपल्याकडे इतक्यांनी वाचला आहे की, त्याचा शेवट आधीच सांगून टाकला तरी रसभंग व्हायचा नाही. सभेत व्याख्यातीची ओळख करून दिली जाते. ही अमक्यांची मुलगी, अमक्यांची सून, अमक्यांची पत्नी. बाईंना मात्र काही राहून गेल्याची चुटपुट लागते. मग रस्त्याने जाताना शाळकरी पोरांची कुजबुज कानी पडते, की ही तर आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई! ओळख पुरी झाली.

1949 सालच्या संग्रहाला ह्याच लेखाचे नाव आहे. घरोघरी तो मातृत्वाचा गौरव म्हणून वाचला जातो, आणि म्हणूनच कुणी मनात म्हणते, एवढी विदुषी, तिची धन्यता शेवटी ‘आई’ म्हणवून घेण्यातच का? मला वाटते, दोन्ही वाचकांच्या हातून ह्यातला मिस्किलपणा निसटतो.

बाईंचा व्यवसाय काय होता, हे आधी पाहावे. जन्म 1905 चा, ब्रह्मदेशातला, शिक्षण पुण्या-मुंबईचे. 1928 साली त्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी बर्लिनला गेल्या. गंमत अशी, की स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचलेल्या महर्षी कर्वे यांनाच सुनेचे हे परदेशी जाणे पसंत नव्हते. पाठीशी उभे राहिले ते पती दिनकरराव. तिथल्या प्राध्यापकांना कवटीच्या ठेवणीत गोऱ्यांचे श्रेष्ठत्व दिसत होते. बाईंनी कवट्या मोजल्या, तसे काही आढळले नाही, आणि नाही असेच लिहून दिले. परक्या मुलखात, आपल्याच गुरूपुढे! पुढे 1939 पासून डेक्कन कॉलेजात अध्यापन आणि देशभर भटकंती. 1953 साली भारतीय आप्तसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. कुणाला काय म्हणून हाक मारतात, लग्नानंतर मुलगी कुठल्या नात्यांत जाऊन पडते, ह्याचा त्यात प्रांतवार धांडोळा आहे.

आता पुन्हा त्या सभेत बसा. माणसाला नात्यावरून ओळखण्याची रीत हाच जिच्या अभ्यासाचा विषय, ती स्वतःची ओळख त्याच रीतीने होताना ऐकते आहे! ‘परिपूर्ती’तले हसू मला इथे ऐकू येते. पोरांच्या कुजबुजीत आणखी एक बारीक गोष्ट आहे. व्यासपीठावरची तिन्ही नाती वडीलधाऱ्यांच्या मोठेपणावर उभी आहेत. पोरांना महर्षींशी कर्तव्य नाही. त्यांचा कर्वे म्हणजे बाकावर शेजारी बसणारा, त्यांच्यासारखाच एक उनाड.

तरीही लेखाबद्दल माझी एक तक्रार उरतेच. ही बाई सभेला निघाली तेव्हा घरी पोळ्या कुणी लाटल्या? तीन मुले, कॉलेज, फिरतीची कामे हे सगळे जमले कसे? दिनकररावांनी उचललेला वाटा, घरातली मदत, पुण्यासारख्या गावातले सुशिक्षित बिऱ्हाड, ह्यांतले काहीच ह्या पानांत येत नाही. ललितलेखाला जमाखर्च मागू नये, हे कबूल. पण हा लेख वाचून किती सुना-लेकींनी मनाशी म्हटले असेल, की त्यांना जमले, मग मलाच का जमत नाही? शेवट गोड आहे, आणि तो फार लवकर येतो. नोकरी आणि घर ह्यांच्यामध्ये जिची ओढाताण चालली आहे, तिच्या हाती त्यातून फारसे काही लागत नाही.

ती ओढाताण बाईंना ठाऊक नव्हती असे मात्र म्हणवत नाही. 1967 साली ‘युगान्त’ आले. त्यातली कुंती पाहा. बाप, नवरा, मुलगा, नाती तीच. पण बापाने तिला दुसऱ्याला देऊन टाकलेले, नवऱ्याच्या इच्छेखातर तिने मुलगे मिळवलेले आणि पहिला मुलगा नदीत सोडलेला. ‘परिपूर्ती’त जी नाती ओळख करून द्यायला येतात, तीच इथे तिच्या आयुष्याचा ताबा घेतात, आणि बाई त्यांच्याकडे गहिवर न आणता पाहतात. मुलांना राज्य मिळाल्यावर कुंती राजमाता म्हणून मिरवत नाही. धृतराष्ट्र-गांधारीच्या मागोमाग ती वनात निघून जाते आणि मुलांनी विनवूनही परत फिरत नाही.