न पाडण्याची नीती : लाकातों आणि व्हासाल यांच्या वास्तुविचाराची चिकित्सा

प्रस्तावना
वास्तुकलेची समीक्षा बहुधा नव्या इमारतीच्या दर्शनी रूपाभोवती घुटमळते. जुन्या, सामान्य इमारतीचे काय करावे, हा प्रश्न तिच्या कक्षेत क्वचितच येतो. फ्रान्समधील आन लाकातों आणि झां-फिलिप व्हासाल यांच्या संयुक्त कार्याने हा प्रश्न केंद्रस्थानी आणला. २०२१ मध्ये दोघांना प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. या कार्यात जतन नेमके कशाचे होते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भूमिका आणि प्रयोग
शासकीय नूतनीकरण कार्यक्रमात युद्धोत्तर काळातील वसाहती पाडल्या जात असताना, २००४ मध्ये या दोघांनी फ्रेदेरिक द्र्युओ यांच्यासह त्याविरुद्ध अभ्यासपूर्ण मांडणी केली. पाडू नये, वजा करू नये. भर घालावी, रूपांतर करावे, असे तिचे सूत्र होते.

पॅरिसमधील ब्वा-ल-प्रेत्र या ९६ घरांच्या मनोऱ्यात (२०११) बाह्य भिंती काढून सभोवती काचबंद हिवाळी बागा व सज्जे जोडण्यात आले. बोर्दोच्या ग्राँ पार्क वसाहतीतील ५३० घरांच्या तीन इमारतींत (२०१७) हीच पद्धत योजली गेली. तेथे क्रिस्तोफ उतँ हेही सहकारी होते. रहिवाशांना काम चालू असताना घर सोडावे लागले नाही.

डंकर्क येथील प्रादेशिक समकालीन कलासंग्रहाच्या वास्तूत (२०१३) मात्र वेगळा मार्ग दिसतो. जहाजबांधणीच्या भव्य जुन्या कार्यशाळेत संग्रह कोंबण्याऐवजी तिच्याशेजारी त्याच आकाराची नवी, पारदर्शक जुळी वास्तू उभारली गेली आणि जुनी कार्यशाळा रिकामी राखली गेली.

चिकित्सा
वरवर पाहता येथे विसंगती आढळते. डंकर्कला जुने रूप जसेच्या तसे राहते, तर पॅरिसमध्ये इमारतीचा चेहराच बदलतो. रेमों लोपेझ यांची मूळ दर्शनी रचना नंतरच्या दुरुस्तीत आधीच झाकली गेली होती, हे खरे. तथापि ती पुन्हा उजेडात आणण्याचा प्रयत्नही झाला नाही. वारसाजतनाच्या निकषावर हा दोष ठरेल. परंतु या वास्तुविदांना जपायचे आहे ते रूप नव्हे, तर सामर्थ्य : रिकाम्या कार्यशाळेचे अवकाशसामर्थ्य आणि मनोऱ्यातील वास्तव्य, शेजार व परिचय. या अर्थाने विसंगती मावळते.

मात्र त्यामुळे मूल्यमापनाचा निकषही बदलतो. वास्तव्य हेच जपायचे असेल, तर इमारतीचे यश रहिवासी तेथे टिकण्यावर अवलंबून राहते. या दोन्ही वसाहती सार्वजनिक गृहनिर्माण संस्थांच्या मालकीच्या होत्या; म्हणून घर मोठे झाले तरी भाडे आवाक्यात राहिले. खाजगी मालकाच्या हाती हीच हिवाळी बाग भाडेवाढीचे निमित्त ठरू शकते. तेव्हा न पाडलेली इमारतही तिच्यातील माणसांना बाहेर काढू शकते. ही मर्यादा वास्तुविदांच्या सूत्रात पुरेशी व्यक्त होत नाही.

समारोप
या कार्याचे श्रेय निर्विवाद आहे. जुन्या इमारतीकडे ओझे म्हणून नव्हे, तर भांडवल म्हणून पाहण्याची दृष्टी त्याने दिली. तथापि ‘पाडू नका’ हे सूत्र वास्तुशास्त्रापुरते अपुरे आहे. ‘उठवू नका’ ही धोरणाची हमी त्याला जोडली गेली, तरच ते पूर्ण होते.