सूक्ष्मतरंग निरीक्षणांवरून पर्जन्यमान : अनुमान आणि मोजणी

उपग्रहाधारित पर्जन्याची आकडेवारी आज भूगोल, जलव्यवस्थापन, कृषिअर्थशास्त्र अशा अनेक विषयांच्या प्रबंधांत सर्रास आढळते. बहुतेक ठिकाणी तिचा उल्लेख ‘निरीक्षित पर्जन्य’ असा होतो. हा शब्दप्रयोग तपासून घेणे अगत्याचे आहे. कारण उपग्रहावरील सूक्ष्मतरंगमापक पाऊस मोजत नाही. तो खालून येणारे प्रारण मोजतो आणि पावसाचा आकडा त्यावरून गणिताने काढला जातो.

समुद्रावर हे गणित बऱ्यापैकी भक्कम आहे. १० ते १९ गिगाहर्ट्झच्या आसपास समुद्रपृष्ठाची उत्सर्जनक्षमता कमी असल्याने ते ‘थंड’ दिसते व त्यावर थेंबांचे उत्सर्जन उठून दिसते. जमिनीची उत्सर्जनक्षमता मात्र ०.९ च्या घरात असते. तेथे थेंब शोधणे म्हणजे पांढऱ्या भिंतीवर खडूची रेघ शोधणे होय. म्हणून जमिनीवर मुख्य आधार घेतला गेला तो ढगाच्या वरच्या थरातील हिमकणांचा. ८५ गिगाहर्ट्झजवळ हे कण प्रारणाचे प्रकीर्णन करतात, दीप्ती तापमान घटते, आणि घट जितकी मोठी तितका पाऊस अधिक, असे धरले जाते.

सह्याद्रीत नेमके येथेच बिनसते. मोसमी वारे घाट चढताना पडणारा पाऊस पुष्कळदा कमी उंचीच्या, उबदार ढगांतून येतो. त्यांत हिम थोडे आणि पाणी भरपूर. हिमाच्या खुणेवर विसंबलेल्या पद्धतीला असा ढग जवळजवळ कोरडा वाटावा, यात नवल नाही. १९९७ मध्ये सोडलेल्या टीआरएमएम उपग्रहाच्या अनुमानांत घाटमाथ्याचा पाऊस कमी भरतो, हे वारंवार दिसून आले आहे. २०१४ मधील जीपीएम उपग्रहावर १३ वाहिन्यांचा मापक व द्विकंप्रता रडार आले. तरी डोंगराळ भागात जमिनीकडून परतणाऱ्या प्रतिध्वनीमुळे रडारलाही सर्वांत खालचा थर नीट दिसत नाही, आणि उथळ पाऊस तर तेथेच असतो.

दुसरा प्रश्न जाळीचा. टीआरएमएमची प्रचलित जाळी पाव अंशाची, म्हणजे सुमारे २७ किलोमीटरांची होती. महाबळेश्वरापासून वीसेक किलोमीटरांवरील पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी पाऊस पडतो. ही दोन्ही ठिकाणे एकाच चौकटीत आली, तर येणारी सरासरी त्यांपैकी कोणाचीच नसते. दुष्काळ व्यवस्थापनाच्या २०१६ च्या केंद्रीय संहितेत पर्जन्याची तूट हा पहिला निकष आहे. पर्जन्यछायेतील गावाच्या नावावर घाटमाथ्याचा पाऊस जमा झाला, तर ती तूट कागदावर भरून निघते. विहीर भरत नाही.

याहून गंभीर दोष संशोधकांच्या पद्धतीतला आहे. टीआरएमएम व जीपीएम यांची अंतिम आवृत्ती जमिनीवरील पर्जन्यमापकांच्या मासिक नोंदींशी जुळवून सुधारलेली असते. असे असता मासिक बेरजा त्याच नोंदींशी ताडून उच्च सहसंबंध दाखविणे आणि त्यास ‘पडताळणी’ म्हणणे, हे विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका दाखवून त्याचे गुण मोजण्यासारखे आहे. पडताळणी करावयाची तर सुधारणेत न वापरलेली केंद्रे हवीत आणि तुलना दैनंदिन पातळीवर, घाटमाथा व पर्जन्यछाया वेगळे ठेवून व्हावी. धरणांवरील व साखर कारखान्यांच्या आवारातील जुन्या पर्जन्यनोंदवह्या या कामी उपयोगी पडतील. प्रबंधांच्या तक्त्यांत त्या क्वचितच दिसतात.