रूळ टाकणाऱ्यांची ओळख : एका छायाचित्राचे वाचन

१० मे १८६९ रोजी अमेरिकेतील यूटा प्रदेशात, प्रॉमॉन्टरी समिट या ओसाड जागी, पूर्वेकडून आलेला युनियन पॅसिफिक कंपनीचा आणि पश्चिमेकडून आलेला सेंट्रल पॅसिफिक कंपनीचा लोहमार्ग एकमेकांस मिळाला. त्या प्रसंगी अँड्र्यू जे. रसेल याने १० इंच बाय १३ इंचांच्या काचेवर घेतलेले छायाचित्र पुढे सर्वतोमुखी झाले. दोन इंजिने समोरासमोर उभी आहेत. त्यांवर चढलेल्या माणसांच्या हातांत बाटल्या आहेत. मध्यभागी दोन्ही कंपन्यांचे मुख्य अभियंते, सॅम्युएल माँटेग्यू आणि ग्रेनव्हिल डॉज, हस्तांदोलन करीत आहेत. भोवती गर्दी आहे. या गर्दीतील कामगार कोण, हा प्रश्न गेल्या काही दशकांत वारंवार विचारला गेला आहे. त्याला मिळालेली उत्तरे तपासून पाहणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. मी छायाचित्रकलेचा जाणकार नव्हे. परंतु जुन्या छायाचित्रातील माणूस ओळखला जातो तो बहुतांशी डोळ्यांनी नव्हे, तर त्याच्याभोवती जमलेल्या शब्दांनी, असे मला वाटते. आणि तसे असेल तर भाषेच्या अभ्यासकाने या प्रश्नात लक्ष घालण्यास हरकत नसावी.

हे शब्द किती बेभरवशाचे असतात याचा पुरावा याच चित्रापाशी मिळतो. दीर्घकाळ हे छायाचित्र सॉल्ट लेक सिटी येथील चार्ल्स सॅव्हेज याच्या नावावर खपत होते. सॅव्हेज त्या दिवशी तेथे हजर होता आणि त्यानेही चित्रे घेतली होती, एवढ्यावरून हा गोंधळ माजला. स्थळाचे नावही अनेकदा चुकीचे छापले गेले आहे. प्रॉमॉन्टरी पॉइंट हे सरोवरात घुसलेल्या भूशिराचे टोक समारंभाच्या जागेपासून सुमारे ३५ मैल दक्षिणेला आहे. तरी चित्राखालील ओळीत तेच नाव वर्षानुवर्षे येत राहिले. ज्या ओळींना छायाचित्रकाराचे आणि गावाचे नावही धड सांभाळता आले नाही, त्यांच्यावर गर्दीतील मजुरांच्या बाबतीत किती विसंबावे?

नावे कोणाला मिळतात याचे आणखी बोलके उदाहरण छायाचित्राबाहेर आहे. टॉमस हिल या चित्रकाराने १८८१ साली याच प्रसंगावर 'द लास्ट स्पाइक' हे भव्य तैलचित्र पूर्ण केले. त्यात सुमारे ७० व्यक्तिचित्रे ओळखू येतील अशी रंगविली आहेत. त्यांत अभियंता थिओडोर जूडा आहे. तो १८६३ सालीच वारला होता. कंपनीच्या चार प्रमुख भागीदारांपैकी लेलंड स्टॅनफर्ड एकटाच समारंभाला आला होता; चित्रात मात्र उरलेले तिघेही आले आहेत. चित्रात चिनी मजूरही आहेत, पण ते निनावी आहेत. मृत आणि अनुपस्थित माणसांस नाव आहे. उपस्थित आणि जिवंत माणसांस नाही. हिलला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे विशेषनामांची एक यादी होती आणि दुसऱ्या बाजूस एक सामान्यनाम होते, इतकेच.

सेंट्रल पॅसिफिकच्या मजुरांपैकी सुमारे ९० टक्के चिनी होते. असे असता रसेलच्या चित्रात चिनी माणूस दिसत नाही, हे चित्र म्हणजे वगळणुकीचा दस्तऐवज आहे, असे मत रूढ झाले. या मताचा नैतिक आशय मला मान्य आहे. त्याची पद्धती मात्र मान्य करता येत नाही. 'दिसत नाही' म्हणणाऱ्याने काय शोधले? बांबूची शंकूसारखी टोपी, सैल अंगरखा, पाठीवरची वेणी. परंतु त्या काळच्या अन्य छायाचित्रांत चिनी मजुरांनी रुंद काठाच्या पाश्चात्त्य फेल्ट टोप्या आणि जाड बूट घातलेले स्पष्ट दिसतात. वेणी टोपीखाली गुंडाळून ठेवता येत असे. म्हणजे जो चिनी माणूस आपल्या कल्पनेतील चिन्यासारखा दिसतो तेवढाच आपण मोजतो, आणि जो इतर मजुरांसारखा पोशाख करतो त्याला न विचारता गोऱ्यांत जमा करतो. अलीकडे काही अभ्यासकांनी या गर्दीतच, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी असलेली एक व्यक्ती चिनी असावी असे सुचविले आहे. सूचना विचारार्ह आहे. पण तिचा आधारही पुन्हा पोशाखच आहे, हे विसरून चालणार नाही.

छायाचित्राच्या तंत्राचा विचारही येथे करावयास हवा. ओल्या कोलोडियनच्या काचेला प्रकाश घेण्यास बराच वेळ लागे. जो स्थिर उभा राही तो उमटे. जो काम करीत राही तो धुरकट होई. म्हणून मजूर चित्रात येतो तो बहुधा काम थांबवून, सांगितल्यावरून उभा राहिलेला. सेंट्रल पॅसिफिकचा छायाचित्रकार आल्फ्रेड हार्ट याच्या जोडचित्रांत सिएरा नेवाडातील कडे, बोगदे, भराव यांच्यापुढे माणसे इवलीशी उभी असतात. कड्याची उंची कळावी म्हणून ती तेथे आहेत की काय, अशी शंका येते. रसेलनेही प्रॉमॉन्टरी येथे शेवटचा रूळ टाकणाऱ्या चिनी मजुरांचे एक जोडचित्र घेतले होते. ते चित्र उपलब्ध असूनही प्रसिद्ध झाले नाही. प्रसिद्ध झाले ते बाटल्यांचे. त्या जोडचित्राच्या शीर्षकात 'चिनी' हे विशेषण आले आहे. माँटेग्यू आणि डॉज यांना मात्र कोणी असे विशेषण लावीत नाही. ज्यास विशेषण लागते त्यास नाव लागत नाही, असा काहीसा अलिखित नियम या ओळींमागे असावा.

मग नावे मुळातच नव्हती काय? होती, पण ती निराळ्या कागदांत आणि निराळ्या रूपात. सेंट्रल पॅसिफिकची जी पगारपत्रके टिकली आहेत त्यांत प्रामुख्याने टोळीच्या मुकादमाचे किंवा मजूर पुरविणाऱ्या ठेकेदाराचे नाव आढळते. पैसे मुकादमाच्या हाती पडत आणि तो ते वाटून देई. टोळीतील माणसे म्हणजे केवळ एक संख्या. जी नावे आली आहेत त्यांत 'आह' हे पद पुनःपुन्हा येते. हे नाव नव्हे. कँटनी बोलीत नावापूर्वी लावावयाचे ते सलगीचे पद आहे. आपल्याकडे एखाद्या परकीय कारकुनाने मुकादमाची हाक ऐकून 'अरे गणू' हे नाव आणि 'अरे' हे आडनाव म्हणून नोंदवावे, तसा हा प्रकार आहे. शिवाय बहुतेक मजूर ग्वांगडाँग प्रांतातील सीयी भागातले. त्यांची बोली कँटन शहराच्या बोलीहून वेगळी. जे आडनाव कँटनमध्ये 'चान' असे उच्चारले जाई, तेच त्यांच्या तोंडी 'चिन' होई. त्यात एकाच पुरुषाला बालपणी एक, शाळेत दुसरे आणि लग्नानंतर तिसरे नाव मिळण्याची चाल. गावच्या वंशावळीत चिनी लिपीत लिहिलेले नाव आणि कारकुनाने इंग्रजी कानाने टिपलेली हाक यांचा मेळ घालणे म्हणूनच अतिशय कठीण आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१२ साली या मजुरांवर मोठा संशोधनप्रकल्प सुरू झाला. त्यातील विद्वानांनी पुष्कळ शोधूनही एकाही रेल्वे-मजुराचे स्वतःचे पत्र वा रोजनिशी त्यांच्या हाती लागली नाही.

निनावीपणा अटळ होता, मजूर फार होते, अशी सबब येथे सांगितली जाते. ती टिकत नाही. २८ एप्रिल १८६९ रोजी सेंट्रल पॅसिफिकने एका दिवसात १० मैलांहून थोडे अधिक रूळ टाकले. त्या दिवशी रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश मजुरांची नावे नोंदली गेली व ती आजही सांगितली जातात. त्याच दिवशी राबलेल्या चिनी मजुरांची नावे नोंदली गेली नाहीत. म्हणजे मजुराचे नाव लिहिणे शक्य होते. ते कोणाचे लिहावे एवढाच प्रश्न होता. १९१९ साली पन्नासाव्या वर्षानिमित्त ऑग्डेन येथे मिरवणूक निघाली, तिच्यातील तीन वृद्ध चिनी मजुरांची नावे मात्र छायाचित्रासह टिकली : गिंग कुई, वाँग फूक, ली शाओ. वर्णान्तर सदोष असेल. तथापि चेहरा आणि नाव एकाच जागी आल्याचे हे दुर्मिळ उदाहरण आहे.

१९६९ च्या शतसांवत्सरिक समारंभात वाहतूकमंत्री जॉन व्होल्पे यांनी मार्गबांधणीचे श्रेय अमेरिकनांस दिले आणि चिनी मजुरांचा उल्लेखही केला नाही. त्या मजुरांना अमेरिकन होण्याची मुभा कायद्यानेच नव्हती, हे त्यांच्या लक्षात आले नसावे. या उपेक्षेला छायाचित्रकार कॉर्की ली (१९४७–२०२१) यांनी दिलेले उत्तर मला विशेष वाटते. २०१४ साली त्यांनी मजुरांच्या वंशजांसह अनेक चिनी-अमेरिकनांना त्याच जागी, त्याच रचनेत उभे करून नवे छायाचित्र घेतले. १८६९ मधील कोणाही अज्ञात चेहऱ्यास त्यांनी नाव चिकटविले नाही. याउलट, घरच्या आठवणींच्या आधारे एखाद्या धुरकट आकृतीस आपला पणजोबा ठरविण्याचा मोह स्वाभाविक असला, तरी संशोधकाने त्याला बळी पडू नये. एका अनामिकास नाव देताना आपण ते दुसऱ्या अनामिकाकडून काढून घेत असतो.

आपल्याकडेही हे काम पडून आहे. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली वारल्यावर ठेका चालविणारी त्याची पत्नी ॲलिस हिच्या नावाने त्या कामाची छायाचित्रे ज्ञात आहेत. ती वाचताना पागोट्यावरून जात आणि लुगड्याच्या नेसणीवरून गाव ठरविण्याचा उत्साह आवरावा लागेल. पोशाख पाहून चिनी मोजणाऱ्यांची चूक तीच होती.

रसेलच्या काचेपुरते सांगावयाचे, तर माझ्या मते तिच्याखाली छायाचित्रकाराचे आणि स्थळाचे नाव शुद्ध असावे, ज्यांची ओळख लेखी पुराव्याने पटते त्यांची नावे असावीत, आणि उरलेल्यांविषयी 'नाव नोंदलेले नाही' असे लिहावे. 'अज्ञात' लिहू नये, कारण त्यांच्या टोळीत ते अज्ञात नव्हते. त्या पाठमोऱ्या माणसाविषयी 'बहुधा चिनी. चेहरा दिसत नाही' एवढे पुरे.