दंतवैद्यकाचे विद्यार्थी, प्रतिजैविक-प्रतिरोध आणि ऑनलाईन शिक्षण : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

पेनिसिलिन अपुऱ्या मात्रेत घेतले गेल्यास जीवाणू त्याला दाद देईनासे होतील, असा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली आपल्या नोबेल व्याख्यानातच दिला होता. तो किती खरा ठरला हे आकड्यांवरून दिसते. 'लॅन्सेट' या नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिरोधी जीवाणूंमुळे झाले. ज्या मृत्यूंशी अशा जीवाणूंचा संबंध होता, त्यांची संख्या सुमारे ४९ लाख ५० हजार भरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये जागतिक कृती आराखडा आणि भारत सरकारने २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. जनजागृती व आरोग्यसेवकांचे शिक्षण यांना दोन्ही आराखड्यांत अग्रस्थान आहे.

या चर्चेत दंतवैद्यक बहुधा दुर्लक्षित राहते. वस्तुतः अमेरिकेत बाह्यरुग्णांना लिहून दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी सुमारे एक दशांश दंतवैद्य लिहितात. तेथील २०११ ते २०१५ या काळातील नोंदींच्या अभ्यासात, दंतोपचारापूर्वी प्रतिबंधक म्हणून दिलेल्या प्रतिजैविकांपैकी ८०.९ टक्के अनावश्यक होती असे आढळले. जागतिक दंतवैद्यक महासंघाने २०२० मध्ये या विषयावर श्वेतपत्रिका काढली. पुढे ब्रिटिश सोसायटी फॉर ॲण्टिमायक्रोबियल केमोथेरपी या संस्थेच्या सहकार्याने दंतवैद्यकीय चमूंसाठी मुक्त ऑनलाईन अभ्यासक्रमही तयार केला. 'हा विषय ऑनलाईन शिकवता येईल' हे गृहीत आता सर्वमान्य होत आहे. ते कितपत खरे आहे याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रश्नाचे खरे स्वरूप

दाढ किडून कीड दंतमज्जेपर्यंत पोहोचली की असह्य ठणका लागतो. रुग्णाला, आणि पुष्कळदा नवशिक्या दंतवैद्यालाही, वाटते की संसर्ग आहे म्हणजे प्रतिजैविक हवेच. येथेच मूलभूत गैरसमज आहे. मज्जेचा दाह हा प्रामुख्याने दाह असतो, आणि मज्जा मृत झाल्यावर तिचा रक्तपुरवठाच संपतो. रक्तावाटे जाणारे औषध तेथे पोहोचणार कसे? यावर खरा उपचार हाताचा आहे. मज्जा काढणे, पूचा निचरा करणे किंवा दात उपटणे, हे त्याचे मार्ग होत. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हेच स्पष्ट केले आहे. दातावर तातडीने उपचार करणे शक्य असेल तर प्रकृती ठीक असलेल्या प्रौढ रुग्णाला बहुतेक प्रसंगी प्रतिजैविक देऊ नये, असे त्यांचे सांगणे आहे.

याचा अर्थ प्रतिजैविके निरुपयोगी आहेत असा मात्र नव्हे. ताप, गळून गेल्यासारखा अशक्तपणा, जबडा न उघडणे, जबड्याखाली पसरत जाणारी सूज ही लक्षणे असतील तर विलंब प्राणघातक ठरू शकतो. तोंडाच्या तळाशी पसरणारा संसर्ग श्वासमार्ग बंद करतो. अशा वेळी निचऱ्याबरोबर प्रतिजैविक आणि रुग्णालय ही दोन्ही हवीत. म्हणजे विद्यार्थ्याला शिकवायचे आहे ते 'औषध देऊ नका' हे घोषवाक्य नव्हे. देण्याची आणि न देण्याची वेळ ओळखणारा विवेक त्याच्यात यावा, ही अपेक्षा आहे.

ऑनलाईन शिक्षणाच्या जमेच्या बाजू

ऑनलाईन शिक्षणास सरसकट नाकारणे अन्यायकारक होईल. त्याचे पहिले बलस्थान म्हणजे ते तत्काळ अद्ययावत करता येते. हृदयाच्या आतील आवरणाचा संसर्ग टाळण्यासाठी दंतोपचारापूर्वी द्यावयाच्या प्रतिजैविकांचेच उदाहरण घ्यावे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये ही शिफारस सर्वाधिक जोखमीच्या रुग्णांपुरती मर्यादित केली. २०२१ मध्ये, पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी सुचवले जाणारे क्लिंडामायसिनही तिने यादीतून वगळले. छापील पुस्तकाची जुनी आवृत्ती वापरणारा विद्यार्थी हा बदल वर्षानुवर्षे जाणणार नाही. ऑनलाईन पाठात तो एका दिवसात करता येतो.

दुसरे बलस्थान समानतेचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या प्रतिजैविक-पुस्तकात तोंडाच्या व दातांच्या संसर्गांवर स्वतंत्र विवेचन आहे. त्यातील वर्गीकरणात ॲमॉक्सिसिलिन व मेट्रोनिडाझोल ही औषधे सहज वापरता येण्याजोग्या गटात येतात, तर ॲझिथ्रोमायसिन व सेफिक्झिम ही प्रतिरोधाची जोखीम अधिक असल्याने जपून वापरावयाच्या गटात येतात. हे ज्ञान महानगरातील आणि तालुक्याच्या गावातील महाविद्यालयास एकाच वेळी, विनामूल्य मिळू शकते. ही सामान्य गोष्ट नव्हे.

मर्यादा : ज्ञान आणि कृती यांतील अंतर

तथापि ज्ञान मिळाले म्हणजे वर्तन बदलले, असे समजणे हा या शिक्षणाचा कच्चा दुवा आहे. शिक्षणाच्या मूल्यमापनासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रतिक्रिया, ज्ञानग्रहण, वर्तन आणि परिणाम अशा चार पायऱ्या मांडल्या. ऑनलाईन अभ्यासक्रमांच्या अखेरीस होणाऱ्या बहुपर्यायी चाचण्या दुसऱ्या पायरीवरच थांबतात. आरोग्यव्यावसायिकांच्या ई-शिक्षणाविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन पुनरावलोकनाचा निष्कर्षही संयत आहे. पारंपरिक शिक्षणाच्या तुलनेत ई-शिक्षणाने ज्ञान, कौशल्य वा वर्तन यांत फारसा फरक पडत नसावा, असे ते सांगते. ई-शिक्षण वाईट नाही, पण ते चमत्कारही घडवीत नाही.

दंतवैद्यकात हे अंतर अधिकच जाणवते. अनावश्यक प्रतिजैविक लिहिले जाते ते नेहमीच अज्ञानातून नव्हे. भूल नीट चढत नाही, बाहेर रुग्णांची रांग असते, रूट कॅनाल करण्याचा आत्मविश्वास नसतो, रुग्णाची दात काढण्याची तयारी नसते. अशा वेळी चिठ्ठी लिहिणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. याचा मोठा पुरावा इंग्लंडमध्ये मिळाला. कोविडच्या साथीत २०२० च्या मार्चअखेरपासून जूनच्या प्रारंभापर्यंत तेथील दंतचिकित्सालये नित्याच्या प्रत्यक्ष उपचारांसाठी बंद होती. दंतवैद्य दूरध्वनीवरून सल्ला, वेदनाशामक आणि प्रतिजैविक एवढेच देऊ शकत होते. त्या वर्षी एप्रिल ते जुलै या काळात दंतवैद्यांनी लिहिलेली प्रतिजैविके आदल्या वर्षीच्या तुलनेत २५ टक्क्यांनी वाढली. त्या दंतवैद्यांचे ज्ञान एका महिन्यात घटले नव्हते. घटली होती ती हाताने उपचार करण्याची संधी.

यातून निघणारा निष्कर्ष अध्यापकांना अस्वस्थ करणारा आहे. त्याच काळात भारतातील विद्यार्थीही घरी बसून पडद्यावर शिकत होते आणि त्यांचे खुर्चीजवळचे तास बुडत होते. प्रतिरोधावरील व्याख्यान त्यांना ऑनलाईन मिळू शकत होते, पण प्रतिजैविकाची गरजच पडू नये असा निचरा किंवा रूट कॅनाल करण्याचा सराव तसा मिळणे शक्य नव्हते. कुशल हात हाच दंतवैद्यकातील प्रतिरोध-नियंत्रणाचा पाया आहे. तो कच्चा ठेवून वर ज्ञानाची इमारत चढवणे व्यर्थ होय.

अभ्यासक्रमातील स्थान आणि भाषेचा प्रश्न

दुसरी उणीव रचनेची आहे. २००७ च्या बीडीएस अभ्यासक्रम विनियमांनुसार सूक्ष्मजीवशास्त्र व औषधशास्त्र हे विषय द्वितीय वर्षात शिकवले जातात. मुखशल्यचिकित्सा आणि दंतसंवर्धन यांची अंतिम परीक्षा मात्र शेवटच्या वर्षात होते. विद्यार्थी प्रतिरोधाची यंत्रणा पाठ करतो तेव्हा त्याने रुग्ण पाहिलेला नसतो, आणि चिठ्ठी लिहितो तेव्हा यंत्रणा विसरलेली असते. ऑनलाईन पाठ ही दरी बुजवू शकला असता. प्रत्यक्षात तो बहुधा द्वितीय वर्षाच्या व्याख्यानाचीच चित्रफीत होऊन बसतो.

तिसरी उणीव भाषेची. उपलब्ध दर्जेदार अभ्यासक्रम बहुतांशी इंग्रजीत आहेत. महाराष्ट्रातील रुग्ण मात्र 'दाढ ठणकतेय, एखादी स्ट्राँग गोळी द्या' असे मराठीत म्हणतो. त्याला नकार न वाटता नकार कसा द्यावा, 'गोळीने ठणका थांबणार नाही, पू बाहेर काढला तरच आराम पडेल' हे कोणत्या शब्दांत पटवावे, हे इंग्रजी पाठ शिकवू शकत नाही. संवाद हे येथे कौशल्य आहे, आणि ते रुग्णाच्या भाषेतच शिकावे लागते.

चौथी उणीव उत्तरांच्या साचेबंदपणाची. 'प्रतिजैविकांचा कोर्स नेहमी पूर्ण करावा' हे विधान बरोबर की चूक, असा प्रश्न चाचणीत सहज विचारला जातो. वर उल्लेखिलेली २०१९ ची अमेरिकन तत्त्वे मात्र रुग्णाची तीन दिवसांनी पुन्हा तपासणी करावी आणि ताप-सूज आदी लक्षणे नाहीशी झाल्यावर २४ तासांनी औषध थांबवावे, असे सांगतात. दुसरीकडे क्षयरोगासारख्या आजारात औषध मध्येच सोडणे घातक असते. हा फरक समजावून सांगण्यास चर्चा लागते. एका बरोबर पर्यायावर खूण करून तो उमगत नाही.

कोणत्या दिशेने जावे?

दिशा दाखवणारा एक प्रयोग स्कॉटलंडमध्ये झाला आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ७९५ दंतचिकित्सालयांचा समावेश होता. दंतवैद्यांना त्यांनी स्वतः लिहिलेल्या प्रतिजैविकांचा आलेख पाठवण्यात आला. एवढ्यानेच त्यांचे प्रतिजैविक लिहिण्याचे प्रमाण तुलनागटापेक्षा ५.७ टक्क्यांनी कमी राहिले. दंतवैद्याला स्वतःची सवय दिसली आणि ती बदलली. ऑनलाईन माध्यमाचे खरे सामर्थ्य येथे आहे. आंतरवासितेतील प्रत्येक विद्यार्थ्याने लिहिलेल्या प्रतिजैविकाची साधी नोंद संगणकावर ठेवावी. त्यात निदान, औषध, दिवस आणि त्याच भेटीत हाताने केलेला उपचार असे चार रकाने पुरेत. दर महिन्याला विभागात त्या नोंदींवर चर्चा व्हावी. औषध लिहिले आणि उपचार केला नाही असे जेथे दिसेल, तेथे 'का?' हा प्रश्न विचारला जावा. या कामाला महागडी यंत्रणा लागत नाही. लागतो तो अध्यापकांचा वेळ, आणि स्वतःच्या चिठ्ठ्याही त्याच नोंदीत घालण्याची त्यांची तयारी. वरिष्ठ जे लिहितात त्याचेच अनुकरण विद्यार्थी करतात, ही गोष्ट कोणत्याही पडद्याने झाकता येत नाही.

समारोप

ऑनलाईन शिक्षण माहिती वेगाने, स्वस्तात आणि समानतेने पोहोचवते. प्रतिजैविक-प्रतिरोधाविषयीची जाणीव निर्माण करण्यास ते उपयुक्त आहे, हे निर्विवाद. परंतु विद्यार्थी लेखणी उचलतो की उपकरण, हे रुग्णाच्या खुर्चीशेजारी ठरते. तेथे शिक्षक उभा नसेल, हाताला सराव नसेल आणि रुग्णाशी बोलण्यास शब्द नसतील, तर प्रमाणपत्र भिंतीवर राहील आणि चिठ्ठीवर पुन्हा तेच औषध उमटेल. म्हणून ऑनलाईन पाठ हा चिकित्सालयीन अध्यापनाचा पर्याय न मानता त्याचा पूरक मानणे, आणि त्याचे यश उत्तीर्णांच्या संख्येऐवजी टळलेल्या अनावश्यक चिठ्ठ्यांवरून मोजणे, हेच विवेकाचे ठरेल.