न ठरवण्याचा करार

‘सॉर्सरी अँड सेसिलिया’ या कादंबरीच्या अर्पणपत्रिकेत चार नावं आहेत: जेन ऑस्टिन, जॉर्जेट हेयर, जे. आर. आर. टोल्किन आणि एलेन कुशनर. पहिल्या तिघांची नावं वाचली की पुढच्या पानांत काय वाढून ठेवलंय याचा अंदाज येतो. उपवर मुली, त्यांच्या करड्या नजरेच्या मावश्या-आत्या, लंडनमधले नाच आणि भेटीगाठी, आणि या सगळ्यात मिसळलेली जादू. चौथं नाव वेगळ्या कारणानं आलंय. कुशनर याही कल्पितकथा लिहिणाऱ्या, पण इथं त्यांचे आभार आहेत ते एका खेळाची ओळख करून दिल्याबद्दल.

खेळाचं नाव ‘लेटर गेम’. दोघांनी किंवा अधिक जणांनी एकेक पात्र घ्यायचं आणि त्या पात्राच्या नावानं एकमेकांना पत्रं लिहायची. पक्का नियम एकच. पुढे काय होणार याबद्दल आपल्या मनात जे काही शिजत असेल, ते दुसऱ्या खेळाडूला सांगायचं नाही. पत्रात लिहाल तेवढंच त्याला कळणार. पॅट्रिशिया रीडी आणि कॅरोलाइन स्टीव्हरमर या मिनेसोटातल्या दोन मैत्रिणींनी हा डाव मांडला. रीडी झाल्या सेसिलिया, स्टीव्हरमर झाल्या तिची चुलत-मावस नात्यातली बहीण केट. डाव संपला तेव्हा हातात एक कादंबरी आहे असं त्यांच्या लक्षात आलं. १९८८ साली ती छापून आली. मग बरीच वर्षं ती मिळेनाशी झाली होती. २००३ साली पुन्हा निघाली आणि तेव्हापासून वाचकांच्या हाती आहे.

आज हाच खेळ डिस्कॉर्डवर आणि गूगल डॉक्सवर चालतो. पत्रांऐवजी परिच्छेद असतात, खेळाडू चार-पाच असतात, आणि लिहिण्याआधी ‘प्लॉटिंग’ नावाचा एक भलामोठा सोहळा होतो. नकाशे काढले जातात, राजघराण्यांच्या वंशावळी लिहिल्या जातात, जादूचे कायदे कलमवार मांडले जातात, प्रत्येक पात्राचा डोळ्यांच्या रंगापासून बालपणीच्या जखमेपर्यंतचा तक्ता भरला जातो. कोण कुणाला दगा देणार, कुणाचं राज्य बुडणार, कोण कुणाच्या प्रेमात पडणार हे सगळं पहिलं वाक्य लिहिण्याआधीच ठरून जातं. आणि मग, फार वेळा, कथा सुरूच होत नाही. आळस हे त्याचं कारण नसतं. गोष्ट सांगून झालेली असते, एवढंच. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते लिहून काढायला हात उचलत नाही.

आपल्याकडच्या दशावताराशी हे ताडून पाहण्यासारखं आहे. सिंधुदुर्गात किंवा गोव्यात दशावतारी मंडळी रंगपटात तोंड रंगवता रंगवता आख्यान पक्कं करतात, कुठला प्रवेश कुणामागून ते ठरवतात. संवाद मात्र कुणी लिहून देत नाही, ते रंगमंचावर सुचतील तसे. कथा पुराणातली, शेवट प्रेक्षकांतल्या पोराटोरांनाही माहीत. त्यामुळे सगळा जीव बोलण्यात, सवाल-जवाबाच्या धारेत. लेटर गेमनं हे गणित उलटं केलंय. इथं बोलण्याची ढब आधी हाती लागते आणि गोष्ट तिच्यामागून चालत येते. दोन्हीकडे काहीतरी ठरलेलं असतं आणि काहीतरी मुद्दाम मोकळं ठेवलेलं असतं. दोन्ही टोकं बांधली तर खेळ उरत नाही.

आता कादंबरीतलं पहिलंच पत्र पाहा. साल १८१७. नेपोलियनची युद्धं संपलेली, इंग्लंड निवांत. सेसिलिया एसेक्समधल्या रश्टन या गावच्या घरातून लिहिते आहे. केट आपल्या देखण्या बहिणीसोबत, जॉर्जिनासोबत, लंडनच्या सीझनला, म्हणजे तिथल्या नाच-भेटीगाठींच्या हंगामाला, गेली आहे. सेसिलियाला मागे ठेवलंय. का, तर पूर्वी कधीतरी घडलेलं एक बोकडाचं प्रकरण आत्यांच्या मनातून अजून गेलेलं नाही. ते प्रकरण नेमकं काय होतं हे लेखिका उलगडून सांगत बसत नाही. दोघी बहिणींना ते माहीतच आहे, मग पत्रात कशाला लिहितील? आठ-दहा ओळींत आपल्याला कळतं की या दोघी लहानपणापासून एकत्र उपद्व्याप करत आल्या आहेत, घरात दोन कडक बायका आहेत, आणि सेसिलिया कंटाळली की काहीतरी घडवून आणणारी मुलगी आहे. पात्र-तक्त्याच्या तीन पानांचं काम एका अर्धवट सांगितलेल्या बोकडानं केलंय.

त्याच पत्रात, गावातल्या बातम्या सांगता सांगता, सेसिलिया लिहिते की शेजारच्या सर हिलरी बेड्रिकना रॉयल कॉलेज ऑफ विझर्ड्समध्ये घेतलंय. बस्स. जादू या जगात आहे, तिला सरकारी प्रतिष्ठा आहे, तिचंही एक विद्यापीठछाप मंडळ आहे, हे सगळं त्या एका बातमीत आलं. कल्पितकथा लिहिणाऱ्या कित्येकांना जिथं प्रस्तावना लागते, तिथं रीडींना गावगप्पा पुरल्या. पण मला यातली खरी करामत दुसरीच वाटते. सर हिलरींना कॉलेजात घेण्याचा समारंभ कुठं होणार? लंडनला. लंडनला कोण आहे? केट. म्हणजे सेसिलियानं सहज म्हणून टाकलेला चेंडू थेट दुसऱ्या लेखिकेच्या अंगणात जाऊन पडतो. तो झेलायचा की नाही, झेलला तर त्याचं काय करायचं, हे मात्र सांगितलेलं नाही.

स्टीव्हरमर तो झेलतात, आणि काय झेलतात! केट त्या समारंभाला जाते, कंटाळते, एक छोटं दार उघडून पलीकडे पाऊल टाकते तर समोर एक बाग. तिथं एक बाई निळ्या भांड्यातून चॉकलेट ओतते आहे. (त्या काळी चॉकलेट प्यायचं, चघळायचं नाही, कॉफीसारखं त्याचंही खास भांडं असे.) बाई केटला पाहते आणि हा मुलीचं सोंग घेतलेला थॉमस नावाचा कुणी पुरुष आहे असं धरून चालते. चॉकलेट सांडतं आणि केटच्या घागऱ्याला भोक पाडतं. केट पळ काढते.

या प्रसंगात किती गोष्टी अर्ध्यावर सोडल्या आहेत ते मोजण्यासारखं आहे. बाई कोण? थॉमस कोण? तिला त्याला मारायचं का आहे? आणि भांडं निळं का? हे सगळं स्टीव्हरमरना तेव्हा ठाऊक होतं की नव्हतं, ते आपण सांगू शकत नाही, आणि वाचताना तो प्रश्न पडतही नाही. कारण केटलाही ठाऊक नाही. पात्राचं अज्ञान आणि लेखिकेचं अज्ञान यांतली सीमा पुसली गेली आहे. एकट्या लेखकाला हे अज्ञान नाटकी पद्धतीनं उभं करावं लागतं; तो जाणतो आणि न जाणल्याचा आव आणतो. इथं मात्र पुढचं पत्र लिहिणारी बाई खरोखरच अंधारात आहे. सेसिलियाच्या उत्तरातली उत्सुकता म्हणून इतकी ताजी लागते.

पुढे सेसिलियाच्या बाजूला डोरोथिया नावाची मुलगी येते. तिला पाहून गावातले सगळे तरुण एकजात वेडे होतात, आणि झुडपांत दबा धरून तिच्यावर पाळत ठेवणारा एक तरुण सेसिलियाच्या हाती सापडतो. हा जेम्स टार्लटन. लंडनमध्ये केटला थॉमस भेटतो, लोक ज्याला ‘गूढ मार्क्विस’ म्हणतात तो. दोघं पुरुष एकमेकांचे मित्र निघतात, डोरोथियाची सावत्र आई म्हणजे चॉकलेटवाली मिरांडा निघते, आणि निळ्या भांड्यात थॉमसची जादू बांधलेली आहे हे कळतं. दोन घरांत स्वतंत्र विणलेले तुकडे एकमेकांना जोडले जातात. त्यातला सांधा कुठंकुठं दिसतो, आणि मला तो दिसलेला आवडतो.

यातलं सौजन्य लक्षात घेण्यासारखं आहे. थॉमस मुख्यतः केटच्या पत्रांत वावरतो, जेम्स सेसिलियाच्या. दुसरीच्या माणसाबद्दल मतं भरपूर व्यक्त होतात, टोमणेही मारले जातात, पण त्याच्या आयुष्याचा निर्णय परस्पर घेतला जात नाही. थॉमस केटला खोट्या साखरपुड्याची गळ घालतो आणि ती तयार होते, तेव्हा हे पाऊल केटच्याच लेखिकेनं टाकायचं असतं; सेसिलियाला पत्रातून ते कळतं आणि ती फक्त भुवया उंचावू शकते. ऑनलाइन रोलप्ले करणारे ज्याला ‘गॉडमॉडिंग’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या पात्राचं काय झालं ते आपणच लिहून टाकणं, त्याला पत्राच्या रूपातच मज्जाव आहे. एसेक्समध्ये बसलेली बाई लंडनमधल्या माणसाला हात लावणार कशी? नियमांची यादी कितीही लांब केली तरी जे साधत नाही, ते इथं मधल्या अंतरानं साधलंय.

रीडी-स्टीव्हरमर यांना दुसरी रीत माहीत नव्हती असं नाही. त्याच काळात मिनियापोलिसच्या लेखकमंडळींनी लिआवेक नावाचं एक सामायिक शहर वसवलं होतं. एमा बुल आणि विल शेटरली यांनी संपादलेले त्याचे पाच कथासंग्रह १९८५ पासून १९९० पर्यंत निघाले, आणि रीडींनीही त्यांत लिहिलं. तिथं जादूचा नियम सर्वांना बांधलेला होता: माणसाची शक्ती त्याच्या जन्मदिवसाशी आणि आईला कळा आल्या त्या तासांशी जोडलेली. नियम सुंदरच आहे. त्याआधी १९७९ साली रॉबर्ट ॲस्प्रिन यांच्या ‘थीव्ह्ज वर्ल्ड’मध्येही शहर सामायिक होतं, दुसऱ्याचं पात्र वापरायची मुभा होती, फक्त ते मारायचं नाही आणि ओळखू येणार नाही इतकं बदलायचं नाही, असा दंडक होता. अनेक जण असतील तर असली कलमं हवीतच. पण अशा संग्रहांत एक कथा दुसरीच्या शेजारी उभी राहते. इथं एक पत्र दुसऱ्याच्या पोटातून जन्मतं.

आवाजांबद्दल थोडं लिहिल्याशिवाय राहवत नाही. सेसिलिया करती-सवरती. ती मंतरलेल्या पुरचुंड्या बांधायला शिकते, रेक्स्टन नावाच्या जादूगाराकडून धडे घेते, दुसऱ्यांची आयुष्यं नीट लावून द्यायला निघते आणि हे सगळं अशा थाटात सांगते की जगात शहाणी एकटीच ती. केट धांदरट. केस सुटतात, हातमोजे हरवतात, पाय अडखळतो. पण वेळ आली की बेमालूम थाप मारते, आणि पत्रात स्वतःचीच टर उडवते. सेसिलियाच्या वाक्याला पुढं जायची घाई असते, केटचं वाक्य मध्येच थांबून स्वतःकडे बघून हसतं. कुठलंही पान उघडा, सही न पाहता पत्र कुणाचं ते सांगता येतं. लेखिकांनी काही ठरवलं असेलच तर ते हे ठरवलं असावं, आणि एवढं ठरवणं पुरेसं होतं.

दोष आहेत. शेवटाकडे खलनायकांचा डाव समजावून सांगताना पत्रं जड होतात. कोण कुणाची शक्ती कशी शोषत होतं याचा हिशेब मला तरी दोनदा वाचावा लागतो. सेसिलियाचा भाऊ ऑलिव्हर मध्यंतरी बीचचं झाड होऊन बसतो, आणि हसता हसता शंका येते की या गृहस्थाचं पुढं काय करायचं हे दोघींपैकी कुणालाच सुचत नव्हतं. सामूहिक खेळात हे चालायचंच. ‘द एक्स्पान्स’ या विज्ञानकादंबऱ्यांचं बीजही असल्याच लिहून खेळायच्या खेळात होतं; त्यातला शेड नावाचा वैद्य इतक्या अचानक मरतो, कारण त्याचा खेळाडू डाव सोडून गेला होता. त्या मानानं ऑलिव्हर सुखी.

या रीतीची खरी परीक्षा झाली ती पुढच्या पुस्तकांत. २००४ साली आलेल्या ‘द ग्रँड टूर’मध्ये दोघींची लग्नं होऊन त्या नवऱ्यांसह युरोपच्या प्रवासाला निघतात. एकाच गाडीतून, एकाच सरायीत. मग पत्रं कुणी कुणाला लिहायची? लेखिकांनी तोड काढली: केटची टिपणवही आणि सेसिलियाची सरकारी जबानी, आळीपाळीनं. कारागिरी चोख आहे, शहरं देखणी आहेत, राज्याभिषेकाच्या वस्तूंचं गूढही बरं जमलंय. पण संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दोघींना सगळं कळलेलं असतं. एकीनं जे पाहिलं ते दुसरीनंही पाहिलं. वाचताना पहिल्या पुस्तकातलं ते चुटपुटणं, पुढच्या टपालाची वाट पाहायला लावणं, कुठं सापडत नाही.

२००६ सालच्या तिसऱ्या पुस्तकात, ‘द मिस्लेड मॅजिशियन’मध्ये, दोघींना पुन्हा दूर केलंय. साल १८२८, इंग्लंडात वाफेची रेल्वे धावू लागली आहे आणि तिचे रूळ जमिनीतल्या जुन्या जादुई रेषांच्या आड येताहेत. सेसिलिया आणि जेम्स एका बेपत्ता जर्मन जादूगाराच्या शोधात जातात, केट घरी सगळ्यांची पोरं सांभाळत राहते. पत्रं परत आली, आणि या खेपेला नवरेही लिहायला बसले आहेत. थॉमस आणि जेम्स यांची एकमेकांना पाठवलेली पत्रं आखूड, कोरडी, कामापुरती. बायकांनी चार पानांत सांगितलेलं हे चार ओळींत उरकतात, आणि ज्या गोष्टी बायकांना कळू नयेत असं त्यांना वाटतं त्या नेमक्या त्या चार ओळींत असतात. वाचकाला आता एक प्रसंग चौघांकडून, चार वेगवेगळ्या अर्धवट माहितींतून मिळतो, आणि त्या चौघांत पूर्ण गोष्ट जाणणारं कुणीच नाही.